सिस्टरांच्या गाडीचा तापाचा तक्ता

गाडीत बसण्याआधी सिस्टर गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायच्या. चारही चाकांकडे बघायच्या.

किल्ली फिरवण्याआधी रुमालाने हात पुसायच्या. एकेक बोट, सावकाश.

पर्स शेजारच्या सीटवर ठेवायच्या आणि तिलाही पट्टा लावायच्या.

आरशात बघून केस नीट करायच्या नाहीत. आरसा नीट करायच्या.

सिग्नलला थांबल्या की उजव्या हाताची दोन बोटं आपोआप डाव्या मनगटावर जायची. चाळीस वर्षांची खोड.

"पोचायला किती वेळ लागेल?" असं कुणी विचारलं तर "बावीस मिनिटं" म्हणायच्या. "वीसेक मिनिटं" असं कधीच नाही.

कुणी अचानक आडवं आलं तर शिवी द्यायच्या नाहीत. "वाचलात, जा," एवढंच हळू म्हणायच्या. ते त्या माणसाला ऐकूही जायचं नाही.

हे सगळं बघणारी मुलगी सिस्टरांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. साहित्य शिकलेली, छापखान्यात मुद्रितं तपासणारी. राहायला आली त्याच आठवड्यात तिला ताप भरला होता. दार वाजलं. एक ठेंगणी बाई आत आली, कोण कुठली काही न विचारता तिच्या काखेत थर्मामीटर ठेवला आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. ओळख नंतर झाली. दोघींच्या वयात चव्वेचाळीस वर्षांचं अंतर होतं. मैत्रीला ते आडवं आलं नाही.

सिस्टर मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झाल्या होत्या. पुरुषांच्या वॉर्डाच्या प्रमुख. गल्लीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारत नसे. निवृत्तीनंतर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या. त्या वयात लोक गुडघ्याचा विचार करतात. सिस्टरांनी क्लचचा केला. मग एक छोटी जुनी गाडी घेतली, आणि बघता बघता ती गल्लीची गाडी झाली. कुणाचं प्लास्टर काढायचंय, कुणाचे टाके, कुणाला डोळ्यांत औषध घालून आंधळ्यासारखं परत यायचंय; सिस्टर होत्याच.

गेली दोन वर्षं मात्र गाडीचा मुख्य मानकरी एकच होता. शेजारच्या घरातले चित्रकलेचे मास्तर. एकटे राहायचे. त्यांची मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जाऊन, यंत्राला जोडून घेऊन, रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. एक फेरी चुकली की पाय सुजायचे. दोन चुकल्या की श्वास लागायचा. म्हणून सिस्टर फेरी चुकवत नसत.

आणि नेमकी गाडीच चुकवायला लागली.

काही न सांगता, न सवरता ती चालता चालता बंद पडायची. आचका नाही, खोकला नाही. समोरचे दिवे लागलेले, इंजिन मात्र गप्प. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की अशी सुरू व्हायची, जणू त्या गावचीच नाही. पहिल्यांदा चौकात झालं. मग पुलावर. मग थेट रुग्णालयाच्या फाटकात, मागे रुग्णवाहिका उभी असताना.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीला संगणक जोडला. संगणक म्हणाला, प्रकृती उत्तम. तरी त्यांनी बॅटरी बदलली, दोन सेन्सर बदलले, शेवटी गाडीचा म्हणे मेंदूच बदलला. सिस्टरांच्या निवृत्तिवेतनाचा फडशा पडला. मग गाडी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजात आली. तिथला मालक तोच मेकॅनिक. प्रत्येक गाडी परत देताना तो म्हणायचा, "आता हमखास चालेल." त्यामुळे त्याचं नाव हमखास पडलं होतं आणि तोही त्या नावाला ओ द्यायला शिकला होता. माणूस उंचापुरा, कामाचा पक्का. त्याने टाकीतला पेट्रोलचा पंप बदलला. आठ दिवस गाडी गुणी मुलीसारखी वागली. नवव्या दिवशी पुन्हा पुलावर.

"सिस्टर, माझ्याकडे असते तेव्हा तर पळते हो," हमखास डोकं खाजवत म्हणाला.

"डॉक्टर राउंडला आले की पेशंट गादीवर उठून बसतो," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून तो बरा असतो असं नाही."

त्यांचा मुलगा, ज्याला त्या अजून बाळ म्हणायच्या, दुसऱ्या शहरात नोकरीला होता. दोन दिवस रजा काढून आला. दोन दिवस त्याने गाडी शहरभर फिरवली. चढावर, उतारावर, पुलावरून चारदा. गाडीने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने किल्ली टेबलावर ठेवली. वरची मुलगी तिथेच चहा घेत बसली होती. उठावं की बसावं हे तिला कळेना.

"आई, गाडीला काही झालेलं नाही."

"मग?"

"मग काय. तूच बघ."

"स्पष्ट बोल. मी आयुष्यभर लोकांना स्पष्टच सांगितलंय."

मुलाने कप फिरवला. "तुझा पाय क्लचवरून सुटत असेल. वय झालं, आई. दोष कुणाचा नाही."

"म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं. असंच ना?"

"मी असं म्हणालो का? मागून ट्रक आला तर? तिकडे फोन वाजला की हातातलं काम टाकून आधी तुझा नंबर आहे का ते बघतो." तो थांबला. "माझ्या ऑफिसातला एक जण गाडी घ्यायला तयार आहे. एक तारखेला येईल. तोवर वापर. मग बस झालं."

सिस्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "महिना आहे."

"हो."

"पुरेल."

"कशाला?"

"निदानाला."

मुलगा गेला. गाडी गेली तर मास्तरांच्या फेऱ्या जाणार होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. अडुसष्टाव्या वर्षी 'तुमच्या हातून आता होत नाही' असा शिक्का सिस्टरांवर बसणार होता. त्याबद्दल कुणी बोललं नाही. सिस्टरही नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडीत एक फळी आली. वर चिमटा, चिमट्यात आखलेला कागद. वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी लटकतो तसा तापाचा तक्ता. तारीख, वेळ, ठिकाण, वेग, आधी काय झालं, किती मिनिटं बंद. शेवटी एक रकाना 'इतर'. मुलीचं काम दुपारी सुरू होऊन पाचला सुटायचं आणि छापखाना रुग्णालयाच्या वाटेवर; जाताना आणि संध्याकाळच्या फेरीला ती गाडीत असायची. त्यामुळे लेखनिक आपोआपच ठरली.

"गाडीला ताप येतो का?" तिने विचारलं.

"ऐक. माझ्या वॉर्डात एक गृहस्थ होते. रोज चारला त्यांना ताप. फक्त चारला. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, बाहेरून मोठा डॉक्टर आणला. मी तक्त्यात एक रकाना वाढवला, तापाच्या आधी काय झालं. पाच दिवसांत कळलं. पावणेचारला त्यांचा भाऊ यायचा आणि कढत चहा पाजायचा. आमची शिकाऊ नर्स चारला त्यांच्या तोंडात थर्मामीटर ठेवायची."

"म्हणजे ताप नव्हताच?"

"चहा होता. आता लिही. जे दिसेल ते. जे वाटेल ते नको."

पहिली नोंद तिसऱ्या दिवशी झाली. मुलीने मन लावून लिहिलं: 'दुपारची सुस्तावलेली वेळ. गाडीने एक खोल हुंदका दिला आणि ती थांबली.'

सिस्टरांनी वाचलं. पेन मागितलं. एक आडवी रेघ मारली.

"हुंदका ऐकलास तू?"

"तसा नाही."

"मग कसा लिहिलास? आणि वेळ?"

"दुपार."

"दुपार ही वेळ नाही. बाई, तू कादंबरी लिही, पण घरी. इथे घड्याळ बघ."

मागच्या सीटवर मास्तर खुदकन हसले. "असू दे हो. माझ्या वर्गात पण हेच. समोर सफरचंद ठेवायचो, आणि पोरं आठवणीतलं काढायची. वर देठ, बाजूला एक पान. ह्या सफरचंदाला पान कुठंय रे? म्हटलं की म्हणायची, सर, असतं."

त्या दिवसापासून सिस्टर तिला कादंबरी म्हणायला लागल्या. गल्लीने ते लगेच उचललं.

कादंबरी बघायला शिकली. गाडी बंद पडली की सिस्टर काय करतात हेही तिने बघितलं. अकराव्या दिवशी पुलाच्या चढाला लागण्याआधीच इंजिन गेलं. मागे बस होती. बसचा भोंगा सुरू झाला. सिस्टरांनी इशाऱ्याचे दिवे लावले, गियर काढला आणि उरलेल्या वेगावर गाडी अलगद कडेला आणली, स्ट्रेचर दारातून वळवावं तशी. उतरल्या. मागे लाल त्रिकोण ठेवला. मास्तरांचं मनगट हातात घेतलं. मग रुग्णालयाला फोन केला: "आम्हाला बारा मिनिटं उशीर होईल. खाट ठेवा." बसमधून कुणीतरी ओरडलं, "आजी, घरी बसा की!" सिस्टरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घड्याळाकडे बघितलं. अकराव्या मिनिटाला आत बसल्या, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

कादंबरी अजून वळून मागच्या बसकडेच बघत होती. सिस्टर म्हणाल्या, "वेग किती होता?"

"बघितला नाही."

"पुढच्या वेळी बघ. घाबरायचं काम नंतर."

गाडी त्या महिन्यात दोनदा हमखासकडेही गेली. तो दोन-दोन दिवस ती चालवायचा. त्याच्याही नोंदी कादंबरी तक्त्यात उतरवून घ्यायची. आणि त्या उतरवतानाच विसाव्या दिवशी तिच्या डोळ्यांना ते दिसलं. मुद्रितं तपासणाऱ्याला चूक वाचावी लागत नाही, ती खुपते. तक्ता सुरू झाल्यापासून गाडी नऊ वेळा बंद पडली होती. उन्हात, ढगात, रिकाम्या टाकीवर, भरल्या टाकीवर, मास्तर असताना, मास्तर नसताना. कशाचा कशाला मेळ नव्हता. मेळ होता तो एकाच गोष्टीत. नऊच्या नऊ वेळा स्टिअरिंगवर सिस्टर होत्या. हमखास चार दिवस चालवत होता, एकदाही नाही. मुलगा दोन दिवस, एकदाही नाही.

तक्त्यात 'चालक' असा रकाना नव्हता. तो आखावा असं कादंबरीला वाटलं नाही. चुकीवर लाल खूण करणं हे तिचं पोटापाण्याचं काम. इथे तिने खूण केली नाही. दोन दिवस ती गप्प राहिली.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी कागद टेबलावर पसरले. चष्मा लावला. एकेका ओळीवरून बोट फिरवलं.

"कादंबरी, कोण चालवत होतं हा रकाना का नाही?"

"राहिला."

"राहिला की ठेवला?"

सिस्टरांनी पट्टी घेतली. रकाना आखला. नऊ घरांत नऊ वेळा 'सि.' लिहिलं. हात हलला नाही. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे मी आहे कारण."

"तसं नसेल, सिस्टर. योगायोग—"

"नऊ वेळा योगायोग नसतो. बाळ बरोबर बोलत होता." त्या उठल्या. ओट्यापर्यंत गेल्या. पाण्याचा पेला भरला आणि न पिताच परत आल्या. "पण अर्धंच बोलत होता."

"म्हणजे?"

"त्या गृहस्थांच्या तक्त्यात मी कारण 'भाऊ' असं लिहिलं नव्हतं. भाऊ काय देतो ते लिहिलं होतं. मी कारण आहे, बरं. पण माझं काय? माझा पाय? माझा हात? माझी पर्स? मी असं काय करते जे हमखास करत नाही?"

स्वतःवरचा आरोप कुणी असा नव्या कोऱ्या कापडासारखा उलगडून बघतं, हे कादंबरीने आजवर वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी गाडी गोदामांमागच्या रस्त्यावर नेली. सरळ रस्ता, तीन गतिरोधक, चिटपाखरू नाही. मास्तरांनी येण्याचा हट्टच धरला होता. "माझ्यावरून खटला चाललाय, मी हजर नको?" हमखास दुकान बंद करून आला होता. सिस्टरांनी यादी केली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी सिस्टरांनी दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत गाडी बंद पडली. कादंबरीने लिहिलं. दहा मिनिटं थांबले. मग हमखास बसला. तीन फेऱ्या, काही नाही. मग त्याच्या शेजारी सिस्टरांची पर्स, पट्टा लावून. काही नाही. मग खिडक्या सिस्टर ठेवतात तशा, चार बोटं उघड्या. काही नाही. मग त्याने सिस्टरांसारखा गियर लवकर बदलला. काही नाही.

"आता मी बसायला घेते ती उशी घे," सिस्टर म्हणाल्या.

"उशी घेऊन चालवू? कुणी बघितलं तर माझं गिऱ्हाईक जाईल हो."

"बस."

हमखासने उशी सीटवर ठेवली आणि तो आत बसायला लागला. सिस्टर दाराशी उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "थांब. आत्ता काय केलंस?"

"कुठे काय?"

"हात खाली गेला तुझा."

"सीट मागे घेतली. माझे पाय काय खिशात ठेवू?"

"दर वेळी घेतोस?"

"दर गाडीत, दर वेळी. सगळेच घेतात. आणि उतरताना मालकाची होती तशी करून ठेवतो, खाच मोजून. आपली शिस्त आहे ती."

"सर्व्हिस सेंटरवालेही घेत असतील?"

"घेणारच. एवढ्या पुढे बसायला कुणी तुमच्यासारखं..." तो थांबला.

"बुटकं. बोल."

"मी उंची म्हणणार होतो."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी कादंबरीकडे बघितलं. "बाळाची उंची किती असेल?"

"हमखासपेक्षा जरा कमी."

"हमखास, उशी काढ. सीट माझ्या खाचेत घे. सगळ्यात पुढच्या."

"मी मावणार नाही."

"मावशील."

हमखास मावला, पण कसा तर गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना, हनुवटी भोंग्यावर. मागून मास्तर म्हणाले, "आता झाकण लावलं तर डबा बंद होईल." गाडी निघाली. सिस्टर रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून. पहिला गतिरोधक गेला. दुसरा गेला. कादंबरी शेजारी बसून घड्याळ आणि काटा दोन्ही बघत होती. तिसऱ्या गतिरोधकावर मागची चाकं धपकन उतरली आणि इंजिन गप्प झालं.

कडेला सिस्टरांनी पाठीमागे बांधलेले हात सोडले.

मग हमखास खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि पोराचा निकाल लागल्यासारखा ओरडला, "बंद पडली! सिस्टर, बंद पडली! माझ्या हातून बंद पडली!"

कादंबरीने लिहिलं: '२:४७. तिसरा गतिरोधक. वेग २०. चालक हमखास. सीट सगळ्यात पुढची खाच. बंद.' एकही विशेषण आलं नाही.

हमखास रस्त्यावर कुशीवर आडवा झाला, तोंडात टॉर्च धरून. सीटच्या खाली डोकं घालून बराच वेळ धुसफुसला. मग टॉर्च काढून म्हणाला, "इकडे बघा."

सीटवर कापडी कव्हर होतं. कव्हर ताणून बसावं म्हणून त्याला खालून रबरी दोऱ्या होत्या आणि दोरीच्या टोकाला लोखंडी आकडे. ते आकडे सीटच्या सांगाड्यात अडकवायचे. बसवणाऱ्याने त्यातला एक सांगाड्याऐवजी वायरींच्या जुडग्यात अडकवला होता. तेच जुडगं मागे पेट्रोलच्या पंपाकडे जात होतं. सीट मागे असली की दोरी सैल. सीट अगदी पुढे घेतली की दोरी ताठ, आणि तिच्यासोबत वायरीचा जोड ओढलेला. त्यात धक्का बसला की जोड केसभर सुटायचा आणि पंपाची वीज जायची. सिस्टर उतरल्या की सीटची गादी वर यायची, दोरी ढिली पडायची, जोड परत बसायचा. दहा मिनिटं थांबण्याचा काही संबंधच नव्हता. उतरण्याचा होता.

हमखास रस्त्यावरच मांडी घालून बसला. "अख्खा पंप बदलला मी. आणि हा आकडा इथे बसून मला हसत होता." हाताचं ग्रीस त्याने गालाला पुसलं. "सगळं तपासलं, सिस्टर. तुमच्या जागेवर बसून तेवढं बघितलं नाही."

"तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी तरी काय, नवा भाग बसला की बरं वाटणाऱ्यांतलीच."

आकडा सोडवायला अर्धं मिनिट लागलं. सीट पुढच्या खाचेत, स्टिअरिंगवर सिस्टर. दहा फेऱ्या झाल्या, तिन्ही गतिरोधकांवरून. मास्तरांनी मागे बसून दहापर्यंत मोठ्याने मोजलं.

संध्याकाळी सिस्टरांनी मुलाला फोन केला. स्पीकर चालू होता. कव्हरं त्यानेच मागच्या वाढदिवसाला पाठवली होती आणि ओळखीचा माणूस पाठवून बसवून घेतली होती. सिस्टरांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "कव्हरं छान आहेत. ठेवलीत."

मग मुलगा म्हणाला, "म्हणजे तुझी चूक नव्हती."

"गाडी बंद पडण्यात नव्हती."

"आई, मी उगाच बोललो. मी त्या माणसाला नको म्हणून कळवतो. गाडी ठेव."

"थांब. तक्ता अजून पुरा वाचला नाही मी."

कादंबरीचा हात तक्त्याकडे गेला आणि मागे आला. शेवटचा रकाना. जे दिसेल ते लिही, असं सांगितलं होतं म्हणून तिने लिहिलं होतं, आणि नंतर त्यावर दुसरा कागद सरकवून ठेवला होता. सिस्टरांनी तो कागद बाजूला केला. चष्मा लावला. वाचलं, मुलाला ऐकू जाईल असं.

"नऊ तारीख. संध्याकाळी सहा दहा. डावीकडचा सायकलवाला उशिरा दिसला. सतरा तारीख. सहा पंचवीस. डावीकडून रस्ता ओलांडणारी बाई उशिरा दिसली."

धरणीने पोटात घ्यावं असं कादंबरीला झालं.

"हे कुणी लिहिलं?" मुलाने विचारलं.

"माझ्या लेखनिकेने. चांगलं लिहिलंय. हुंदका नाही काही नाही." सिस्टरांनी दोन्ही ओळींखाली रेघ ओढली. "दोन्ही वेळा डावी बाजू, दोन्ही वेळा तिन्हीसांजा. गाडी निर्दोष सुटली, बाळ. माझी तपासणी व्हायचीय."

चार दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय. दिवसा चालवायला हरकत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. अंधार पडल्यावर काय, ते डॉक्टर बोलले नाहीत. मुलगाही बोलला नाही. आता त्याचं तोंड उघडत नव्हतं. सिस्टरांनीच ठरवलं. पाचनंतर किल्ली खुंटीवर.

अडचण एकच होती. मास्तरांच्या तीन फेऱ्यांपैकी एक संध्याकाळची होती. सकाळची खाट मिळणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. सिस्टर दोन दिवस सकाळी यंत्रांच्या खोलीबाहेर बाकावर जाऊन बसल्या. येणाऱ्या प्रत्येकाला तिथल्या माणसासारखं विचारलं: कुठून येता, कोण सोडतं, जेवता कधी, संध्याकाळी येणं जमेल का. दुसऱ्या दिवशी एक बँकेतला माणूस म्हणाला की त्याला संध्याकाळच हवी होती, नोकरी बुडते. पण वर्षभरात कुणी विचारलंच नव्हतं. अदलाबदल झाली.

कादंबरीने हे सगळं बघितलं. घरी येऊन लिहायला बसली. एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. जिंकलेली बाजी कुणी स्वतःहून पुन्हा पटावर मांडतं, तेही कुणी मागितलं नसताना. तिला त्याची नोंद कशी करावी ते कळेना.

एक तारीख आली आणि गेली. गाडी घ्यायला कुणी आलं नाही.

त्या आठवड्यात हमखासने सिस्टरांना गॅरेजात बोलावलं. त्याने एक मोठा पांढरा पुठ्ठा आणि जाड पेन आणून ठेवलं होतं. आकड्याचं त्याच्या मनाला फार लागलं होतं.

"गाडी ताब्यात घेताना गिऱ्हाईकाला काय विचारायचं, ते लिहून द्या. भिंतीला लावतो. नाहीतर मी पुन्हा आधी पाना उचलेन."

"आत्ता? मास्तर गाडीत बसलेत."

"होईल तेवढं लिहा."

सिस्टरांनी पुठ्ठा टायरवर ठेवला. उभ्यानेच लिहिलं, तक्त्यातल्यासारख्या गोल, सुट्या अक्षरात.

१. सीटला हात लावू नका. आधी खाच मोजा.
२. बंद पडली तेव्हा कोण चालवत होतं?
३. त्याच्या आधी काय झालं?
४. गाडीत कोण कोण, कुठे बसलं होतं?
५. शेवटचं नवीन काय बसवलं? कव्हर, दिवा, काहीही.
६. एक फेरी मालकासोबत. चालवेल मालक.
७.

तेवढ्यात बाहेरून मास्तर म्हणाले, "सिस्टर, माझी खाट दुसऱ्याला जाईल हो." सिस्टरांनी घड्याळ बघितलं. पेनाला टोपण लावलं.

"सातवं?" हमखासने विचारलं.

"सुचलंय. लांबलचक आहे. येताना लिहिते."

येताना मास्तरांना थकवा आला होता, म्हणून त्या थेट घरी गेल्या. पुढच्या फेरीला उशीर होत होता. त्याच्या पुढच्या वेळी गॅरेजासमोर ट्रक उभा होता. हमखासने पुठ्ठा तसाच भिंतीला लावला. गिऱ्हाइकं येतात, वाचतात, सातवं मी सांगतो म्हणतात. तो कुणाला पेन देत नाही. आठवड्यातून तीनदा, सकाळी, ती छोटी गाडी समोरून जाते. हमखास हात हलवून सात बोटं दाखवतो. सिस्टर मान डोलावतात आणि पुढे निघून जातात.

पुठ्ठ्यावर सात लिहिलंय, पुढे टिंब दिलंय, आणि त्याच्यापुढे नुसता पांढरा पुठ्ठा.